टॉवेलाखालचा होकार

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. टॉवेलाखाली बोटं दाबून ठरतो. म्हैस घ्यायला आलेल्या प्रियदर्शनीनं बोटं दाबली, वर बघितलं, तर म्हशीचा व्यापारी पिराजी बाजूला तंबाखू मळत उभा! टॉवेलाखाली हात होता एका चष्मेवाल्या पावण्याचा.

"कुणाचा हात हाय ह्यो?"

"माझा… आत काय चालतं ते बघत होतो," ऋतुराज म्हणाला. हात मात्र काढला नाही हं पठ्ठ्यानं!

म्हैस तिनं घेतलीच. शिंगं अशी लांब पसरलेली, की एका टोकावर कोडोली गावचं ऊन अन् दुसऱ्यावर पार नेसरीची सावली.

ऋतुराज विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा. गर्भनिरोधक गोळ्यांमुळं बायकांचे पैशाचे निर्णय बदलतात का, हा त्याचा अभ्यास. प्रियदर्शनीला पाळीच्या त्रासावर डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिलेल्या. विचारल्यावर तिनं भर बाजारात ठणकावून सांगितलं. मग काय, गंगावेशीतल्या तिच्या दूधकट्ट्यावर पावणं रोज हजर! ती धारोष्ण दुधाचा पेला पुढं करायची, तो मिशीला फेस लावून प्रश्न विचारायचा…

एका सकाळी प्रश्न संपले.

"तुम्ही मला आवडता."

"मलाबी तुमी आवडतायसा."

अन् शहाणा बोलून गेला, "पण… हे गोळीमुळं तर नाही ना?"

तिनं अर्धा पेला काढून घेतला. "गोठा उभा केला म्या, अन् होकार गोळीचा व्हय? उठा!"

पुढच्या बाजारी तो पिराजीच्या दावणीला उभा. खांद्यावर नवा कोरा टॉवेल.

"चुकलो."

"तुमचा अभ्यास काय म्हणतोय?"

"अजून ठाम काही नाही."

"मग मी सांगते, ऐका. माझी जुनी म्हैस गंगी गोळ्यांच्या आधी घेतली, ही नवी शिंगाळी गोळ्या चालू असताना. दोघी चरवी भरून दूध देतात. गोळी त्रासापुरती. अक्कल माझी हाय."

"दोन म्हशींवरून निष्कर्ष निघत नाही…"

"किती लागतील?"

"बऱ्याच. जन्मभर तुमच्या गोठ्यात बसून मोजाव्या लागतील."

तिनं हसू दाबलं, मान ताठ केली. "आजची गोळी घेतलीया. उद्याबी घेणार. चालतंय?"

"चालतंय की!" शहरी पावणं एकदम कोल्हापुरी झालं.

टॉवेल पसरला. आत तिनं त्याची पाचही बोटं घट्ट धरली.

"किती ठरलं गं?" पिराजी ओरडला.

"आतलं सांगत न्हाईत, मामा," ती दिमाखात म्हणाली. "पर ठरवलंय म्या!"