रेडिएटरवरचं दूध

"जेवा, बाई." कोसारानं सूपची वाटी सुनेपुढे अशी ठेवली की थोडं सूप टेबलक्लॉथवर सांडलं. "उद्या पोरांचे गुण ठरवायचेत तुम्हाला. अंगात ताकद हवी."

नेवेनानं सांडलेलं सूप पुसलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूनं तिला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. रागावली तरी 'सूनबाई', लाडात आली तर 'पोरी'. बाई तर ती शाळेत होती, दुग्धतंत्राच्या वर्गाला रसायनशास्त्र शिकवणारी... आणि त्याच वर्गात समोरच्या बाकावर तिची सख्खी नणंद बसत होती.

ती नणंद, दुन्या, आता टेबलापलीकडे मान खाली घालून पावाचे तुकडे करत होती, खात मात्र नव्हती. तिच्या शेजारी उंच खुर्चीत बसलेली छोटी लेना सूपमध्ये चमचा आपटत होती, आणि एवढ्या ताणातही नेवेनाचा हात सवयीनं लेकीच्या कपाळाकडे गेला. गार होतं. बरं वाटलं.

"आई, सूप निवतंय," उरोश म्हणाला. दिवसभर क्रुशेवात्सची बस हाकून आलेला तिचा नवरा घरातही दोन्ही बाजूंना रस्ता देत बसायचा.

"सूप गरम आहे. निवलीय ती तुझी बायको," कोसारा म्हणाली. "परक्या पोरांना उदार हातानं देते. आपल्या पोरीची वेळ आली की हात आखडतो."

"आई, पुरे ना," दुन्या हळूच म्हणाली. तेवढंच. मग उठून आपल्या खोलीत गेली.

त्या पाठमोऱ्या मुलीकडे बघताना नेवेनाचं अंतःकरण पिळवटून निघालं. याच मुलीनं, केवढीशी होती तेव्हा, नव्या नवरीच्या दारात कंगवा घेऊन उभं राहून विचारलं होतं, "तुला वेणी घालता येते?" त्या दिवसापासून दुन्याच्या वेण्या हे नेवेनाचं काम झालं. लाल कोबीच्या रसात व्हिनेगरचा थेंब टाकला की रंग कसा पालटतो हेही तिनं तिला याच स्वयंपाकघरात दाखवलं होतं, आणि ते बघून चकित झालेल्या पोरीनं घरातलं सगळं व्हिनेगर संपवलं होतं. आणि आता...

आता असं झालं होतं की शाळेतल्या जुन्या बाई निवृत्त झाल्या, आणि मोरावा नदीकाठच्या त्या एवढ्याशा गावात रसायनशास्त्र शिकलेली दुसरी होतीच कोण? नेवेनाला नोकरी लागली तेव्हा तिनं मनाशी शपथच घेतली, की गावात कुणाच्या तोंडून 'वहिनीनं गुण दिले' असं येता कामा नये. म्हणून दुसऱ्याची अर्धी चूक ती सोडून द्यायची, दुन्याची पाव चूकही धरायची. तरीही पोरगी पाचपैकी पाच मिळवत गेली, एकदाच काय ते चार. मोठा अपवाद मार्चमधल्या प्रात्यक्षिकाचा. तिथे नेवेनानं तिला दोन दिले होते. त्या दोनांनी वर्षाची सरासरी साडेचारच्या खाली ओढली होती. खाली म्हणजे शेवटचा गुण चार. आणि चार म्हणजे नोवी सादच्या तंत्रविद्यालयातली सरकारी खर्चाची जागा गेली. मग गावच्या डेअरीत काउंटरवर दही विकायचं, आयुष्यभर.

नियम म्हणजे नियम, असं ती स्वतःला समजावत होती. पण समजावणाऱ्या त्या आवाजात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात वर्षाचे गुण पक्के करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रीत जुनीच होती. बाईंनी एकेकाला उभं करायचं, वर्षभराचे गुण सगळ्यांसमक्ष वाचायचे, आणि मग त्यालाच विचारायचं, तुझ्या मते तुला किती?

"पाच, बाई," वर्गातला सगळ्यात वाचाळ मुलगा ओग्न्येन म्हणाला.

"तुझे गुण म्हणतात तीन."

"त्यांना समजावून बघता येईल का?"

वर्ग हसला, नेवेनाही हसली, आणि तीन पक्के केले. मग दुन्याचं नाव आलं आणि हसू मावळलं. नेवेनानं गुण वाचले. पाच, पाच, चार, पाच, दोन, पाच.

"तुझ्या मते किती, दुन्या?"

"चार, बाई."

"फळ्यापाशी ये. वरच्या गुणासाठी प्रश्न विचारते. तो तुझा हक्क आहे."

"नको, बाई. चार बरोबर आहेत."

मागून ओग्न्येन पुटपुटला, "घरात भांडण झालेलं दिसतंय." पण कुणी हसलं नाही. दुन्याचा चेहरा शांत होता. एखादं ओझं आपणहून उचललेल्या माणसाचा असतो तसा. नेवेना कावरीबावरी झाली. जी मुलगी एकेका गुणासाठी भांडायची, ती आपलं भविष्य असं सहज सोडून का देतेय?

तेवढ्यात दुन्याच्या शेजारची सेन्का ताडकन उठली. नाक लाल, डोळे भरलेले.

"बाई, ते दोन माझे आहेत. दूध मी नासवलं."

"सेन्का, गप्प बस," दुन्या म्हणाली.

"नाही बसणार. बाई, आठवतं ना, त्या दिवशी दूध बाहेरगावाहून आलेलं, बर्फासारखं गार. चाचणीआधी ते खोलीच्या उबेला यावं लागतं. दुन्या यायची होती, म्हणून तिचा फ्लास्क मी खिडकीखालच्या गरम रेडिएटरवर ठेवला. म्हटलं, आल्या आल्या तिला करता येईल. आणि विसरले. ती येईपर्यंत सकाळभर तिथेच होता."

वर्गातून सुस्कारे निघाले. रेडिएटरवर काय ठेवत नाही आपण? ओले मोजे, कालचा पाव, हातमोजे... दूधही ठेवलं, त्यात नवल काय.

नेवेनानं टेबलाची कड धरली. तो दिवस तिला लख्ख आठवला. मागच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेला सरकारी तपासणीस, ज्याच्या एका शब्दावर तिची नोकरी पक्की व्हायची होती. दुधात थेंब थेंब द्रावण सोडायचं, दूध फिकं गुलाबी झालं की थांबायचं. दूध जितकं आंबट, तितके थेंब जास्त. सगळ्यांचा आकडा सातच्या आसपास. आणि शेवटी धापा टाकत आलेली दुन्या, कोटाची बटणं वरखाली लागलेली, तिचा आकडा नऊच्याही वर. 'एकाच कॅनचं दूध आणि आकडा निराळा? हातही स्थिर नव्हता, लक्षही नव्हतं,' असं नेवेना तपासणीसाच्या देखत म्हणाली होती.

म्हणजे तिच्या फ्लास्कातलं दूध खरंच आंबलं होतं! पोरीनं समोर होतं तेच मोजलं, थेंबाला थेंब. आणि बाईंनी दुधाकडे बघितलंच नाही, शेजाऱ्यांच्या उत्तरांकडे बघून गुण दिले...

"हे इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"हिनं शपथ घातली होती," सेन्का मुसमुसत म्हणाली.

"आणि तू, दुन्या? सकाळभर कुठे होतीस?"

"घरी काम होतं, बाई." एवढं बोलून दुन्या खाली बसली.

"दुन्याचा गुण उद्या," नेवेना कशीबशी म्हणाली. आणि घंटा झाल्याबरोबर ती जवळजवळ पळतच घरी आली.

कोसारा स्वयंपाकघरात टेबलावर चादर पसरून पीटाची, भट्टीत भाजायच्या थरांच्या पोळीची, पारी ताणत होती. इतकी पातळ की खालच्या चादरीवरची फुलं दिसत होती. लेना टेबलाखाली पीठ खात बसली होती.

"आई, तपासणीस शाळेत आला होता, त्या दिवशी दुन्या घरी कशाला आली होती?"

कोसाराचे हात थांबले. पारी मधोमध फाटली.

"तिनं सांगू नको म्हटलं होतं."

"आई, मी पाया पडते तुमच्या."

सासूनं हात ॲप्रनला पुसले. "तू गेलीस आणि घटकाभरात लेना तापानं फणफणली. घोटभर पाणीही पोटात ठरेना. माझे हे गुडघे, तिला उचलून दवाखान्याचे जिने कशी चढू? तुला फोन करणार होते. मग म्हटलं, आज हिची परीक्षा, आणि हिला कळलं तर ही तपासणीसाला तिथेच सोडून अनवाणी धावत येईल. म्हणून दुन्याला केला. ती मागच्या दारानं निसटून आली. पोरीला छातीशी धरून दवाखान्यात गेली. कान सुजला होता. औषध दिलं, ताप उतरेपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. झोपवलं आणि पुन्हा पळाली."

"त्या संध्याकाळी लेना मलूल होती... मी विचारलं होतं तुम्हाला."

"दात येताहेत म्हटलं मी."

"आणि रोज रात्री निजताना तुम्ही तिच्या कानात थेंब घालत होतात..."

"तेल म्हटलं होतं. औषध होतं ते."

नेवेना स्टुलावर बसली. दिवसातून दहादा लेकीच्या कपाळाला हात लावणारी ती... आणि जेव्हा खरंच कपाळ तापलं, तेव्हा तिथे हात होता तो दुन्याचा! तिच्या नोकरीसाठी, तिच्या लेकीसाठी त्या पोरीनं धाव घेतली, आणि त्याच दिवशी नेवेनानं तिला भर वर्गात दोन दिले. ओंजळीत तोंड लपवून ती रडू लागली.

कोसारा जवळ आली. "म्हणजे ते मेले दोन... त्या दिवसाचेच?"

"हो, आई."

"मला कुठे माहीत होतं. आणि मी रोज तुला टोमणे मारतेय."

"टोमणे बरोबरच होते, आई. फक्त त्यांचं कारण निराळं होतं."

पिठाचे हात नेवेनाच्या डोक्यावरून फिरले, आणि तिच्या काळ्या केसांवर पांढरे पट्टे उमटले. "उठ, पोरी," सासू म्हणाली. कितीतरी दिवसांनी.

दुन्या दारात उभी होती. केव्हा आली होती कुणास ठाऊक.

"आई, तू सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं. तिनं विचारलं."

"दुन्या," नेवेना म्हणाली, "तपासणीस गेल्यावर तरी बोलायचंस ना गं. मी काय परकी आहे?"

"काय बोलायचं होतं? तुझी लेक तापली होती आणि तुला कळलं नाही, असं? तुझी रात्रीची झोप उडाली असती, वहिनी. सात दिवस थर्मामीटर हातातून सुटला नसता." तिचा स्वर ओला झाला. "आणि मग तू गुण बदलले असतेस, तर गाव म्हणालं असतं, घरातलं दूध घरातच गेलं. तू त्या एकाच गोष्टीला भीत होतीस. मला दिसत होतं."

"आणि तुझं नोवी साद?"

दुन्या एवढीशी असताना धावायची तशीच धावत येऊन वहिनीच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, कोसारा रडली, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही हे पाहून लेनानंही सूर लावला.

"तुझे गुण मी बदलणार नाही," शेवटी डोळे पुसत नेवेना म्हणाली. दुन्यानं मान हलवली. "ते काम माझं नाहीच. दुधाचं आहे."

सकाळी ती मुख्याध्यापिकेला घडलं ते सगळं सांगून आली. मार्चमध्ये मी चुकले, वर्गासमोर चुकले, वर्गासमोरच तपासून घेते, असं म्हणाली. मुख्याध्यापिका स्वतः येऊन मागच्या बाकावर बसल्या. जूनमध्ये रेडिएटर थंड, पण खिडकीत ऊन रणरणत होतं. एकाच कॅनमधलं दूध दोन फ्लास्कांत ओतलं. एक बर्फात, एक उन्हात. मधल्या वेळात बाकीच्यांचे गुण पक्के केले. दुपारी नेवेनानं विचारलं, "वहिनीनं नणंदेला गुण दिले, असं सगळ्यात आधी कोण म्हणेल?"

सगळ्या माना ओग्न्येनकडे वळल्या.

"मग मोज तूच."

त्यानं बाह्या सरसावल्या. बर्फातल्या फ्लास्कात थेंब पडू लागले, दूध गुलाबी झालं. सात. मग उन्हातला. सात झाले, दूध पांढरंच. आठ झाले, पांढरंच. वर्ग बाकांवरून उठून त्याच्याभोवती जमला. नऊ गेले... आणि मग तळातून एक फिकट गुलाबी छटा वर आली आणि ढवळलं तरी विरली नाही.

ओग्न्येन फ्लास्क उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

"बाई, हिचं मार्चमधलं काम बरोबर होतं. दोनाच्या जागी पाच लागतात." त्यानं मनातल्या मनात बेरीज केली. "सरासरी साडेचारच्या बरीच वर. पाच बसतात. मला फार वाईट वाटतंय, पण बसतात."

मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. सेन्कानं दुन्याला इतकं घट्ट मिठीत घेतलं की तिची वेणी सुटली. आणि शेवटच्या गुणाच्या रकान्यात नेवेनानं पाचाचा आकडा लिहिला तेव्हा, वर्षभरात पहिल्यांदा, तिचा हात कशालाही भीत नव्हता.

घरी पीटा तयार होती, कुरकुरीत, वर दही. उरोशही बस लवकर सोडून आला होता.

"किती?" कोसारानं दारातच विचारलं.

"पाच," दुन्या म्हणाली.

"हिनं दिले?"

"नाही, आई. दुधानं दिले."

उरोशनं बहिणीला उचलून गरगर फिरवलं, खुर्ची पडली, लेना टाळ्या पिटत सुटली. कोसारानं पहिला तुकडा कापला, आणि तो लेकीच्या ताटात न वाढता सुनेच्या ताटात वाढला. नेवेनानं त्याचे दोन भाग केले, आणि अर्धा दुन्याला भरवला. मग तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.

"एक वचन दे," वेणीचे पेड गुंफता गुंफता ती म्हणाली. "माझ्या लेकीबद्दल यापुढे काहीही लपवायचं नाही. कितीही लहान गोष्ट असो."

दुन्यानं तिरप्या नजरेनं आईकडे बघितलं. आईनं छताकडे.

"वहिनी, रागावू नकोस हं. परवा लेनानं दादाच्या शर्टाचं बटण गिळलं."

नेवेनाच्या हातातले पेड जागच्या जागी थांबले.

"काल आलं बाहेर," कोसारा घाईनं म्हणाली. "धुऊन शिवलंसुद्धा."

सगळ्यांनी उरोशच्या शर्टाकडे बघितलं. त्यानं हळूच कॉलरखालचं बटण सोडलं. आणि नेवेना हसू लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्या हसण्यातही तिचा एक हात दुन्याच्या वेणीत होता, आणि दुसरा, काही केल्या न राहवून, लेनाच्या कपाळावर.