पडद्याच्या मागची बाजू

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबावं. पटवून द्यायला मी कुणाच्या मागं लागणार नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, सांगण्यात एकही निघणार नाही.

साल एकाहत्तर. मोठ्या दुष्काळाच्या आदलं. चैत्रातली जत्रा. आमचं गाव जामखेडच्या अलीकडं तीन कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आमची माणसं राहतात.

आणि ते दार अजून तिथंच आहे...

त्या जत्रेत पीरमहंमदचा सिनेमाचा तंबू आला होता. मधोमध पांढरा पडदा टांगलेला. पडद्याच्या एका अंगाला गडीमाणसं, दुसऱ्या अंगाला बायका. पीरमहंमद दारात उभा राहून वरडत होता, बायामान्सं पल्याड, बायामान्सं पल्याड.

आम्ही पल्याड बसलो.

सिनेमा भुताचा होता. हिंदी. सुरुवातीला पडद्यावर नावं आली. माझी बनु तेव्हा चौथीला. ती म्हणाली, "आई, अक्षरं उलटी हायेत."

मी तिला चिमटा काढला. म्हटलं, हिंदी हाय ती. हिंदी अशीच असती.

आजूबाजूच्या बायांनी माना डोलवल्या. मी जे सांगितलं ते गावात तसंच असायचं. घरात माझा शब्द चालायचा, गल्लीत चालायचा. मला अक्षर नीट लागत नाही हे एकट्या मलाच माहीत होतं. ते कुणाला कळू नये म्हणून मी पोरीला चिमटा काढला.

सगळं तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहाबारा बाया चिंचेखाली चिंचा फोडत बसलो होतो. सिनेमा कुणालाच धड कळला नव्हता. कडूबाई तर मेलेला कोण आणि जिता कोण यातच अडकली होती. मग मीच सांगायला घेतलं.

सिनेमात एक मेलेला नवरा असतो. तो रोज दिवेलागणीला घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आत येता येत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कोनाडे असतात. बाहेरून दाराकडं तोंड केलं की एक डावा, एक उजवा. डाव्या कोनाड्यात दिवा लावला की मेलेला आत येतो. उजव्यात लावला की त्याला पुढची वाट दिसते आणि तो निघून जातो.

एवढं मी पाहिलं होतं. पुढचा अर्थ मी काढला.

मी सांगितलं, मेलेला माणूस मायेनं येत नाही. सवयीनं येतो. जिता असताना रोज जे करत होता तेच करायला येतो. दिवा म्हणजे घरानं दिलेला जाब. ये म्हणायचं का जा म्हणायचं, ते घरातल्या बाईच्या हातात असतं. आणि जाताना तो सगळं एकदा शेवटचं करून जातो. पाणी पितो, बसतो, उठतो. घाबरायचं नाही.

यातलं निम्मं सिनेमातलं आणि निम्मं माझ्या डोक्यातलं. कुठलं कुठलं, ते आज मलाही वेगळं करता येत नाही.

बाया हातातल्या चिंचा सोडून ऐकत होत्या. मला लई बरं वाटत होतं.

लंकाबाई शेवटाला बसली होती. ही माझी धाकटी जाऊ. माझा दीर गहिनीनाथ याची बायको. तिनं सिनेमा पाहिला नव्हता. दिवाळीच्या आधी गहिनीनाथाला मळ्यात साप चावला आणि तो गेला. वर्ष झालेलं नव्हतं. वर्षाच्या आत विधवा बाई तंबूत कशी जाणार?

बाया उठून गेल्या. लंका मागं राहिली. चिंचेचं एक बोटूक हातात धरून बसली होती, फोडतही नव्हती.

"आक्का," ती म्हणाली, "उजव्या कोनाड्यात लावला की जातोच का? नक्की?"

ती हे का विचारत होती ते मला माहीत होतं.

आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. गहिनीनाथ घरी आला की दाराबाहेर तीनदा खाकरायचा. तिसऱ्या खाकरण्याला लंका पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी पाहिजे. नसली की तो मारायचा. असली तरी कधी कधी मारायचा.

भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. मी पाट्यावर वाटण घ्यायचे. जोरात वाटायचे. तिकडचं ऐकू येईनासं होईपर्यंत वाटायचे.

तो माझा धाकटा दीर. लग्न होऊन आले तेव्हा एवढासा होता, माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. मी एकदा नुसतं "बास" म्हटलं असतं तरी त्याचा हात खाली आला असता.

मी म्हटलं नाही. दुसऱ्याच्या संसारात कशाला, म्हणत राहिले.

तो गेल्यावर तिच्या हातातल्या बांगड्या मीच फोडल्या. रीत होती. त्या वेळी ती रडली नाही. नंतरच्या पाच महिन्यांत तिच्या अंगावर मांस आलं. एकदा तर भाकरी थापताना ती गुणगुणत होती. मला ते आवडलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

अशा बाईनं मला विचारलं होतं, जातोच का.

येडे, मेलेलं माणूस येत नसतं, एवढं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "मी डोळ्यानं बघितलंय. एकवीस दिस उजव्या कोनाड्यात दिवा लाव. पुन्हा फिरकायचा न्हाई."

तिनं त्याच संध्याकाळी दिवा लावला.

पाचव्या दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली. म्हणाली, घरात तंबाखूचा वास येतोय.

घरात तंबाखू खाणारं कुणी उरलं नव्हतं.

मी म्हटलं, निघालाय तो. शेवटचं सगळं करून चाललाय.

नवव्या दिवशी म्हणाली, दाराशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी निम्मा असतो...

मी म्हटलं, बघ, शेवटचं पाणी.

बाराव्या दिवशी मी स्वतः ऐकलं. दिवे लागायची वेळ. मी लसूण सोलत होते. भिंतीपलीकडं, दारापाशी...

कुणीतरी खाकरलं.

एकदा. मग थांबून, दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा नाही.

मी मनाला समजावलं, रस्त्यानं कुणी गेलं असेल. आणि मी उठून पाट्यावर बसले. पाट्यावर काहीच नव्हतं. तरी वरवंटा फिरवत राहिले.

चौदाव्या दिवशी आमचे मालक जेवायला बसले होते. माझे यजमान, रंगनाथ. तेही त्या सिनेमाला होते, पण पडद्याच्या अल्याड, गड्यांत. आमच्यात नवराबायकोनं बसून सिनेमाच्या गप्पा मारायची पद्धत नव्हती. त्या दिवशी भावाच्या घराचा विषय निघाला म्हणून त्यांनी विचारलं, लंकेनं कोनाड्यात दिवा लावायला का घेतलाय.

मी थाटात सांगितलं. उजवा कोनाडा म्हणजे जा.

त्यांचा घास हातात राहिला.

"उजवा न्हाई. डावा," ते म्हणाले. "उजव्यात लावल्यावर तर त्यो आत आला."

मी म्हटलं, मी बघितलंय.

"अगं, तुमी बाया पडद्याच्या मागं बसल्या हुत्या. तुमाला सगळं उलटं दिसलं. अक्षरंसुदिक उलटी दिसली असतील की."

आणि ते हसले. त्यांच्यासाठी ती गंमत होती.

मला बनुला काढलेला चिमटा आठवला.

त्याच वेळी उठून शेजारच्या घरात जायचं होतं. दहा पावलं. जाऊन म्हणायचं होतं, लंके, दिवा काढ, मी चुकले.

मी गेले नाही.

त्या दिवशी नाही गेले, पंधराव्या दिवशी नाही, सोळाव्या नाही, सतराव्या नाही. सिनेमा उलटा पाहिला याची मला लाज नव्हती. अडाणी म्हणतील, चिंचेखालच्या बाया तोंडाला पदर लावून हसतील, ती कडूबाईसुद्धा हसेल, याची होती. मी स्वतःला सांगत राहिले की कोनाडा तो कोनाडा, सिनेमातल्या गोष्टी का खऱ्या असतात.

या चार दिवसांत लंका माझ्याकडं आली नाही. भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज येईना. गुणगुणणं तर कधीच बंद झालं होतं. आमचं कुत्रं तिच्या दारावरून जायचं सोडून लांबून वळसा घालायला लागलं.

चार संध्याकाळी दिवा उजव्या कोनाड्यात जळत राहिला. मला माझ्या ओट्यावरून दिसायचा.

अठराव्या दिवशी राहवलं नाही. दिवेलागणीला मी गेले.

दार उघडं होतं. आत लंका दारामागं उभी होती. हातात भरलेला तांब्या. चुलीपुढं दोन ताटं वाढलेली. एकातली भाकरी मोडलेली होती...

तिच्या गालावर काळानिळा वळ होता.

मी विचारलं, हे काय गं.

"हळू बोला आक्का," ती म्हणाली. "दोनदा झालंय. तिसरं राह्यलंय."

आवाजात काही नव्हतं. भीतीही नव्हती. पाच महिन्यांत जी बाई तयार झाली होती ती गेली होती. जुनी परत आली होती.

मी म्हटलं, लंके, दिवा त्या कोनाड्यातनं काढ.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "का? तुमीच सांगितलं हुतं."

आता तरी म्हणायचं होतं. जीभ उचलली होती मी. पण तोंडातून आलं ते असं...

"शेवटचे चार दिस बाजू बदलायची असती. सिनेमात तसंच हाय."

ती म्हणाली, "आक्का, तुमी कुठल्या बाजूला बसला हुता?"

तिला कुणी सांगितलं, का तिचं तिला समजलं, मला माहीत नाही. मी बाहेर जाऊन उजव्या कोनाड्यातला दिवा उचलला. हात भाजला तरी सोडला नाही. डाव्या कोनाड्यात ठेवला.

वारा नव्हता. ज्योत आडवी झाली. कुणी तोंडानं फुंकर घालावी तशी... पण विझली नाही.

आणि तिसरं खाकरणं आलं.

बाहेरून नाही.

आतून.

लंकेच्या हातातला तांब्या खाली पडल्याचा आवाज झाला. पाणी उंबऱ्यावरून वाहत माझ्या पायाशी आलं.

मी पळाले. लंकेला तिथं सोडून मी पळाले. घरात येऊन कडी लावली आणि पाट्यावर बसले. वरवंटा फिरवत राहिले. का ते आता सांगायला नको.

सकाळी लंका घरात नव्हती. वहाणा दाराशी होत्या. दुसरं लुगडं दांडीवर वाळत होतं. दोन्ही ताटं रिकामी, घासून पालथी घातलेली. दिवा डाव्या कोनाड्यात जळत होता. रात्रभर जळूनही तेल भरलेलं होतं.

विहिरी पाहिल्या. ओढा पाहिला. तिचा भाऊ गोरक्षनाथ बेलापूरहून आला, आठ दिवस राहिला, माझ्याकडं बघत राहिला. पोलीस पाटील म्हणाले, गेली असेल कुणाबरोबर. मी ते ऐकून घेतलं. तिच्यावर एवढा घाण आळ आला तरी मी दिव्याबद्दल बोलले नाही. मालकही कधी बोलले नाहीत. पण त्यांनी सिनेमा पुन्हा पाहिला नाही, आणि पाट्यावर मी बसले की ते उठून बाहेर जायचे.

तो दिवा डावीकडं ठेवला तेव्हा घरात दोघं होती. वाट दाखवली ती एकालाच दाखवली का दोघांना, याचा अर्थ मला आजवर लावता आलेला नाही. आणि एवढे अर्थ लावणारी मी.

आता मी पोराकडं संगमनेरला असते. पक्कं घर आहे. दाराला कोनाडे नाहीत, मीच ठेवू दिले नाहीत. तरी काही संध्याकाळी, लाईट लावायच्या वेळेला, दाराबाहेर...

एकदा. मग थांबून, दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

सून म्हणते, शेजारचे आजोबा असतील. शेजारी आजोबा नाहीत.

खाकरण्याला मी आता भीत नाही. त्याच्यामागून जे ऐकू येतं त्याला भिते.

बांगड्या वाजतात. हातभर. तांब्या उचलताना वाजाव्यात तशा.

त्या बांगड्या मी माझ्या हातानं फोडल्या होत्या.

मी दार उघडत नाही. आतल्या बाजूनं दाराला तोंड लावते आणि म्हणते, लंके, मी चुकले. रोज म्हणते. आता सहज म्हणता येतं.

पण ती पलीकडच्या बाजूला आहे. तिकडं माझं बोलणं सरळ पोचतं का उलटं, ते मला कळत नाही. कारण मी चुकले म्हटलं की बांगड्यांचा आवाज थांबतो...

आणि दारापाशी तांब्या ठेवल्याचा आवाज येतो. माफ केलं म्हणून, का आता पाळी माझी म्हणून...