निळ्या काठाचा वाडगा

“थुंकीनं चित्रं पुसायची आणि त्याच तोंडानं माझं सूप प्यायचं. डोळे मिटायच्या आधी अजून काय काय बघायचंय, देव जाणे.”

माझी सासू आर्जिया हे पातेल्याला सांगत होती. मी तिच्या मागे हातभर अंतरावर ताटल्या मांडत होते, पण मला ऐकवायचं असलं की ती पातेल्याशीच बोलते. सव्वीस वर्षं झाली. माझा नवरा होता तेव्हा तो मधे पडून हसायचा. आता ती, मी आणि पातेलं.

तिचं चूक नाही. जुन्या चित्रावरची काजळी काढायला थुंकीइतकं सौम्य काही नाही. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. सासरे करायचे, मी बघायचे. त्यांचे नियम दोनच. सकाळी कॉफीच्या आधी बसायचं, पोटात फार तर आमच्या बिनमिठाच्या पावाचे दोन घास. आणि चित्राला लागलेला बोळा परत तोंडात घालायचा नाही. मेलं तरी नाही.

तरी चव कशी कोण जाणे जिभेपर्यंत पोचतेच. चर्चमधल्या चित्राला मेणाची चव असते, खाणावळीतल्या चित्राला तंबाखूची. माश्यांची घाण आंबट लागते. हे मी घरात कुणाला सांगत नाही.

ओतिलिया सप्टेंबरच्या शेवटी आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. पोर्तुगालमधल्या पोर्तोची, पन्नाशीची, गुबगुबीत, तांबूस कुरळ्या केसांची. पुस्तकांसाठी चित्रं काढायची आणि त्या निमित्तानं इटलीत गावोगाव फिरायची. समोर आलेलं जेवण खाण्याआधी वहीत उतरवायची, हिरव्या शाईनं. ताटली, पाव, आणि कडेला नेहमी स्वतःचे दोन हात, जेवणाऱ्याला बसल्या जागेवरून दिसतात तसे. नखांत कायम हिरवं. आणि खायची काय! आतडी, कलेजीचं काळपट वाटण, वासराच्या थोबाडाचा रस्सा. हा रस्सा म्हणजे आमच्या आरेत्सो गावाचा अभिमान. गाल, ओठ, नाकपुड्या, सगळं लवंग घालून चिकट होईपर्यंत शिजवलेलं. मी तो तोवर तोंडात घातलेला नव्हता. मेलेल्या वासराच्या ओठांना आपले ओठ लावायचे, मला नाही जमत.

“याला म्हणतात जेवणं,” आर्जिया तिला वाढताना म्हणायची. “नाहीतर आमची सून. कोंबडीची कातडी सोलून कडेला ठेवते. तिच्यापेक्षा चिमणी बरी.”

“मावशी, तिच्या वाटणीचं इकडे टाका,” ओतिलिया म्हणायची आणि खरंच ताटली पुढे करायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, थोरल्या चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता, तिथून ती एक चित्र काखेत मारून आली. जेवायला बसलो तेव्हा ते तिनं पावाच्या टोपलीला टेकवून उभं केलं. दोन वीत लांब, काळंकुट्ट. एक टेबल, एक सुरी, निळ्या काठाचा वाडगा. वाडग्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

“मला ते बघायचंय,” ती म्हणाली. “साफ करून द्याल, नीवेस? अठ्ठावीसला माझी गाडी आहे.”

“वाडग्यात काय असणार?” आर्जिया म्हणाली. “जे होतं ते शिळं झालं असणार.”

सोमवारी सकाळी मी खालच्या कामाच्या खोलीत बसले. आधी फोटो काढला, तो मी रोज काढते. मग वाडग्याच्या मधोमध, नखाएवढ्या जागेवर, पहिला बोळा फिरवला. तपकिरी निघाला. मी खिडकीकडे बघत होते. चौकात शेवटचे दुकानदार पलंगाच्या लोखंडी दांड्या गाडीत भरत होते, त्यांचा खणखणाट चालला होता. माझं लक्ष तिकडे, आणि हातानं तोच बोळा परत माझ्या तोंडात घातला.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तो गरम होता.

काजळीची चव मला माहीत आहे. ही ती नव्हती. मीठ होतं, लवंग होती, आणि जिभेवर बसणारी चरबीची साय. नुकताच चुलीवरून उतरवलेला रस्सा. मी मोरीशी गेले, वाकले, तोंड उघडलं.

आणि गिळलं.

चांगलं लागलं, हे सांगताना आजही मला माझ्या जिभेची किळस येते.

त्या दिवशी दुपारी आर्जियाचं सूप मला पाण्यात राख कालवल्यासारखं लागलं. मी चमचा ठेवला. ओतिलियानंही ताटली सरकवली.

“बाजारात काही खाल्लंस काय?” आर्जियानं तिला विचारलं.

“नाही मावशी. पण पोट... नकोसं वाटतंय.”

“आणि तुला काय झालं?” हे मला.

“दात दुखतोय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर साफ केलेली जागा परत भरलेली. याला कारण असतं. एक डांबरासारखा तपकिरी रंग आहे, जुने चित्रकार वापरायचे, तो शंभर वर्षांतही धड वाळत नाही, खालून झिरपत राहतो. मी स्वतःला हेच सांगितलं. माझ्या कामाच्या वहीत तशी नोंदही केली. मग बोळा फिरवला, आणि यावेळी खिडकीकडे बघत नव्हते तरी तो तोंडात घातला.

पंधरा दिवस असे गेले. वाडगा सोडून मी दुसरीकडे फार हात लावला नाही. रोज सकाळी तो काठोकाठ, रोज दुपारी तळाशी. फोटो ओळीनं लावले तर कुणालाही दिसलं असतं. मी ते ओळीनं लावले नाहीत.

ओतिलिया वाळत चालली. आधी गाल गेले. मग एक दिवस भांडी पुसताना तिची अंगठी बोटातून निसटली आणि मोरीच्या जाळीवर वाजली. आम्ही तिघींनी तिकडे पाहिलं. डॉक्टर आला, रक्त नेलं, सगळं ठीक आहे म्हणाला. जेवा म्हणाला. पोर्तोहून तिची मुलगी तिला न्यायला येणार असं ठरलं.

आर्जियानं मग कंबर कसली. सकाळी अंड्याचा बलक साखर घालून फेटायची, दुपारी कोंबडीचा रस्सा, आणि एक दिवस ओतिलियासाठी खास वासराचं थोबाड आणलं. ते मोरीत पडलं होतं, नाकपुड्या वर, ओठांवर पांढरे राठ केस. आर्जिया एकेक केस जाळत होती आणि करपट धूर घरभर. एरवी मी दार लावून खाली पळाले असते. त्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहिले, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

आर्जियानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे. कामाच्या ॲप्रनच्या नाड्या मी नेहमी पुढे आणून दोनदा गुंडाळायचे. आता त्या मागेच जेमतेम एका गाठीला पुरत होत्या.

“दात बरा झाला का?” तिनं विचारलं.

“बरा आहे.”

“मग टेबलावर बसून खात का नाहीस?”

मी ताटल्या काढायला घेतल्या. ती पातेल्याशीसुद्धा बोलली नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही.

तो रस्सा मी वर घेऊन गेले. ओतिलिया खिडकीशी उन्हात खुर्चीत बसली होती, मांडीवर वही. तिच्या श्वासाला काही वास नव्हता. उपाशी माणसाच्या तोंडाला वास येतो, माझ्या नवऱ्याला शेवटी यायचा. हिला नव्हता. मीच हात तोंडासमोर धरून श्वास सोडला. लवंग.

“थोडं तरी खा गं,” मी म्हटलं. “चार दिवसांनी तुझी मुलगी न्यायला येणार. मला ओरडेल ती. म्हणेल, आईला आणायला आले आणि मिटलेली छत्री दिली हातात.”

ती हसली. हसताना दात जास्तच मोठे दिसले. “भूकच नाही, नीवेस. सकाळी ऊब वाटते. मग दुपारपर्यंत रिकामं रिकामं.”

“चित्रं काढतेस ना?”

“तेवढंच होतं. जेवणाच्या वेळी दिसतं ते काढते. सवय.”

तिनं वही पुढे केली. रोजची तारीख होती. हिरवी शाई होती. पण ताटली नव्हती, पाव नव्हता. पानाच्या कडेकडेनं एक मोठं वर्तुळ होतं, वर उजवीकडे त्याचा एक टवका उडालेला. वर्तुळाच्या आत लाकडी तुळया होत्या, आणि मधल्या तुळईला एक मोडका आकडा. तो आकडा मी ओळखते. सासरे त्याला दिवा टांगायचे. माझ्या कामाच्या टेबलाच्या बरोबर वर आहे तो. ओतिलियाला मी कधी खाली नेलं नव्हतं.

आणि वर्तुळाच्या मधोमध, वरून खाली येत असलेलं, काडीच्या टोकाला काहीतरी गोल, पांढरं.

सोळा पानं तशीच. प्रत्येक पानावर ते पांढरं थोडं जास्त जवळ.

“यात तुझे हात कुठे आहेत?” मी विचारलं. आवाज साधा ठेवला.

तिनं पान बराच वेळ न्याहाळलं.

“नाही दिसत,” ती म्हणाली.

खाली येऊन मी चित्र उचललं. वाडग्याच्या काठाचा वरचा उजवा कोपरा अजून काजळीखाली होता, तिथे मी पोचलेच नव्हते. नळाच्या पाण्यानं बोळा ओला केला, थुंकीनं नाही, आणि पुसलं. काठाला टवका होता.

मी चित्र कापडात गुंडाळलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. मुलगी येईल, आईला नेईल, चित्र मी विहिरीत टाकीन. हे सगळं मी ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलेली होते आणि माझ्या मनगटापर्यंत पीठ होतं.

वाडगा काठोकाठ नव्हता. तळाशी थोडंसं होतं.

मी बोळा फिरवला. तो हिरवा निघाला.

त्या चित्रात हिरवा रंग नाही. पानभरही नाही, रेषभरही नाही.

मी तो तोंडात घातला. आधी लोखंडासारखी चव, मग गोडसर. दातांत काहीतरी अडकलं. बोटानं ओढून काढलं. एक तांबूस केस, कुरळा, लांब. मी तो ॲप्रनला पुसला.

आणि दुसरा बोळा घेतला.

दार वाजलं नाही. आर्जिया आत आली तेव्हा तिच्या सपाता मला ऐकू आल्या. सासरे गेल्यापासून तिनं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. हातात कालचा रस्स्याचा वाडगा होता, जसा नेला तसा, वर पांढरी चरबी गोठलेली.

“ओतिलिया उठत नाहीये,” ती म्हणाली. “श्वास आहे. डॉक्टर निघालाय.”

मी मान हलवली.

“तो काय सांगणार? ती जेवत नाही, हेच. मीही तेच म्हणत आले. ती जेवत नाही, ती जेवत नाही. आपल्या घरातलं बोलायला जीभ उचलत नाही ना, मग पाहुण्यांचं बोलायचं.”

तिनं चित्राकडे पाहिलं. माझ्या ॲप्रनच्या नाडीकडे, ॲप्रनवरच्या तांबूस केसाकडे. पिठाकडे. मग वाडगा खाली ठेवला, जवळ आली, आणि माझ्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरली, लहान मुलानं खडा तोंडात घातला की धरतात तशी. ती माझ्यावर रागावली नव्हती, हे मला दिसत होतं. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

“तू जेवते आहेस, नीवेस. तिला.”

माझ्या तोंडात काडी होती.

“थुंक, पोरी,” ती म्हणाली. “उरली असेल तेवढी तरी थुंक.”

मी आधीच गिळलं होतं.