माळ्यावरचं ताट

उन्हाळा लागला होता आणि माळ्यावरचा कूलर खाली काढायचा होता, एवढंच निमित्त. माझे यजमान हर्षल बोरगावच्या शाळेत शिकवून अजून यायचे होते, म्हणून मीच शिडी लावली. माळ्याचं झाकण आमच्या खोलीतच उघडतं. वर कौलांखाली ऊन साचलेलं होतं. जुन्या वाळ्याचा वास, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक, अगदी ताज्या भाताचा. मी कूलरमध्ये डोकावले. वाळ्याच्या गादीत पिलं होती आणि त्यांच्यावर पसरलेली त्यांची आई. तोंडावर काळा पट्टा, डोळे माझ्यावर. उदमांजर. तो भाताचा वास तिच्याच अंगाचा होता. मी हलले नाही, तीही नाही. मग झाकण हळूच लावून मी खाली आले आणि कूलर फार जड आहे असं घरात सांगितलं.

खोटं बोलायला कारण होतं. मी हर्षलची दुसरी बायको. पहिली, प्राजक्ता, तापानं गेली. तिची पेटी माळ्यावर आहे, म्हणून माझ्या सासूबाई वत्सलाबाई दर अमावास्येला दिवेलागणीला तिच्या नावाचं ताट वर ठेवतात. माझ्या लग्नाआधी ते ताट सकाळी जसंच्या तसं उतरायचं. मी या घरात आले, आणि पहिल्याच अमावास्येचं ताट पुसल्यासारखं रिकामं झालं. त्या सकाळी आईंनी मला पाटावर बसवून स्वतःच्या हातानं चहा दिला. "तिनं घेतलं तुले," म्हणाल्या. तोवर त्या मला 'ऐकून राहिली का' एवढंच म्हणायच्या. त्या दिवसापासून मी ऋतुजा झाले.

म्हणजे उदमांजर आणि मी, दोघी एकाच सुमाराला सौसरच्या या घरात नांदायला आलो होतो. तिनं माझी जागा पक्की केली, मी तिची लपवली. सौदा बरा चालला होता.

मग शेजारच्या दादाराव काकाजींनी तिला कौलांवर पाहिलं. हा कबरबिज्जू आहे, मसणातली मढी उकरतो, असा घरात ठेवायचा नसतो, असं त्यांनी ओट्यावर बसून बराच वेळ सांगितलं. केळ्यात औषध घालून ठेवतो, दोन दिवसांत काम होईल, असंही म्हणाले. हर्षल मान डोलावत होते. नको म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं आणि गप्प बसायचं तर त्याहून नाही.

रात्री जेवताना मी म्हणाले, "अहो, वर पिलं आहेत तिची."

"तुले कसं माहीत?"

"कूलर जड नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताटांचा हिशेब त्यांना त्याच क्षणी लागला असावा, कारण ते फक्त एवढंच म्हणाले, "आईले नको सांगू."

त्यांनी लोधीखेड्याच्या अंकुशला बोलावलं. तो साप पकडतो, वनविभागाला कळवून असली जनावरंही घरातून काढतो. दादाराव काकाजींनी त्याला पिंजरा कुठं आहे म्हणून डिवचलं. तो म्हणाला, बाळंतिणीला पिंजऱ्यात घातलं तर ती जाळीवर डोकं आपटून मरते आणि पिलं उपाशी जातात. त्यानं झाकण उघडताच उदमांजर कौलांच्या फटीतून निसटली. त्यानं पिलं वाळ्यासकट टोपल्यात ठेवली, टोपलं मागच्या भिंतीवर, आंब्याखाली. "तिचे लेकरं तिलेच नेऊ द्या. माणसानं फक्त दूर राहाव." आईंनी खालून पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. "सांभाळून रे, बाळंतीण आहे," एवढंच त्या म्हणाल्या. ताटांशी संबंध त्यांनी जोडला नाही, की जोडायचा नाही असं ठरवलं, कोण जाणे.

अंधार पडल्यावर मी खिडकीतून बघत राहिले. ती आली. एकेक पिलू मानेला धरून नेलं. शेवटचं नेताना भिंतीवर थांबली आणि घराकडे वळून पाहिलं. मला ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अंकुशनं सगळ्या फटींना जाळी ठोकली. उंदीरही येणार नाही, म्हणाला. मी अमावास्या किती लांब आहे ते बघितलं.

अमावास्या शनिवारी आली. आईंनी प्राजक्ताच्या आवडीचा स्वयंपाक केला, वरण-भात आणि वांग्याची भाजी. भातावर वरण ओतून कडेनं भाजी वाढली, ताट वर ठेवलं, झाकण लावलं आणि हर्षलबरोबर जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या. जाताना झाकणाकडे बघून मला म्हणाल्या, "तू कायले भेतं? ती काही परकी नाही राहिली आता."

उद्या ताट भरलेलं उतरलं तर मी पुन्हा बिननावाची होणार होते. उपाय एकच होता: त्या यायच्या आत ते मीच खायचं. पण दुसऱ्याच्या नावाचं अन्न तोंडात घालायचं म्हणून उठवेना. झाकणाच्या बरोबर खाली बसून मी तांदूळ निवडत राहिले. खोलीत कुणी आलं नाही. वरून कसलाच आवाज नव्हता... इतका नव्हता की आपल्याच बांगड्या नकोशा वाटाव्या.

लाइट गेली, तेव्हा उठले आणि वर चढले.

मोबाइलचा उजेड आधी जाळीवर टाकला. एक खिळा हललेला नव्हता. कूलर रिकामा. पेटी बंद. पेटीपुढे ताट.

भातात मधोमध बोटानं ओढल्यासारखी सरळ रेघ होती. रेघेच्या पलीकडे ताट स्वच्छ, अलीकडे अर्धा भात तसाच. आमच्याकडे दोघी एका ताटात बसल्या आणि एक आधी उठली, तर मागचीसाठी असाच वाटा राखते.

खाली अंगणाचं फाटक वाजलं. त्या आल्या होत्या. मी बसकण मारली आणि घाईघाईनं घास घेऊ लागले. हात माहेरच्या सवयीनं आधी वांगी बाजूला सारायला गेला. वांग्यानं माझ्या जिभेला फोड येतात. हे मी या घरात कुणालाच सांगितलेलं नाही, हर्षलनाही नाही. ताटात आली की मुकाट्यानं गिळते.

माझ्या वाट्यातून वांग्याची फोड न् फोड वेचून काढलेली होती.