एकोणीस प्रकरणं

"खालची शिलाईवाली आहे ना, ती म्हणे अजून रोज दुपारी त्या गेलेल्या मुलीला पुस्तक वाचून…"

जिन्यात एवढंच कानावर पडलं. मला बघताच दोघी गप्प. घरोघरी डोकावते मी, आणि नेमकं माझ्यापासूनच लपवतात मेल्या! उशीचे अभ्रे तिच्याकडे शिवायला टाकले होते, तेच निमित्त केलं आणि तीन वाजता खाली उतरले.

मुलगी चौदाची. छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. शाळेतल्या पोरांच्या खुनाची कादंबरी हाती लागली आणि त्यात अशी बुडाली, की औषधाची वेळ विसरायची. स्वतः वाचलं की दम लागे, म्हणून आई रोज एक प्रकरण वाचून दाखवायची. पोरीनं बजावलं होतं, "खुनी कोण ते कळल्याशिवाय मी कुठ्ठे जात नाही." आईनं ते मनाला घट्ट बांधून घेतलं. एकोणीस प्रकरणं झाली, विसावं, शेवटचं, काही केल्या वाचेना. पुन्हा मागचीच काढायची.

हे मला नंतर कळलं हो! मी आपली पुस्तक हाती आलं की आधी शेवटचं पान बघणारी. एक दिवस आई दूध आणायला गेली, तेव्हा पोरीपाशी मी बसले होते.

"काकू, खुनी कोण, सांगा ना. आईला नाही कळू देणार."

डोळे इतके लकाकत होते… सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी गेली.

हे मी कुणापाशी बोलले नाही. सगळ्यांचं सगळं सांगत हिंडणारी मी.

आता खाली उतरले, तर तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. शिलाई मशीन बंद. आत मशीनच्या तेलाचा वास, त्यात औषधाचा. आतल्या खोलीतून वाचण्याचा बारीक आवाज येत होता… दोन ओळी, मग धाप, मग पुन्हा दोन ओळी. खुळावली बिचारी, असं म्हणत पडदा सारला.

आई भिंतीला टेकून खाली बसलेली. ओठ मिटलेले.

वाचणं चालूच होतं.

रिकाम्या पलंगावर, उशीशी पुस्तक उघडं. त्याचं पान उलटलं.

"हळू बोला ताई… दमते ती," आई पुटपुटली. "एकोणीस संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेवट कळला नाही ना अजून, म्हणून राहिलीय माझ्याजवळ. तुम्ही तेवढा सांगू नका हं तिला."

"नाही गं बाई," मी म्हटलं. जीभ कडूजहर झाली.

जिन्यातलं बोलणं अर्धंच खरं निघालं. वाचणारी आई नव्हती. पण पोरीला तर शेवट ठाऊक आहे. मग ती थांबलीय कशासाठी…

आवाज बंद झाला. पलंगाच्या कडेची चादर सावकाश आत ओढली गेली, एक माणूस टेकेल एवढी जागा सोडून.

"बसा ना," आई म्हणाली. "तुमच्यासाठीच सरकली ती."