भुऱ्यानं सोडलं नाही

ऋषी, मोबाईल उलटा ठेव. अबोली, तूही बस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मंग मधात टोकू नका मले. देवाजी अन् मी तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात एकाच पाळीत होतो. त्याले खोटं बोलता येत नाही, म्हणून तर त्याचं प्रमोशन राहिलं.

मागच्या फेब्रुवारीची सतरा तारीख, सोमवार. त्याची पोरगी भावना माहेरी आली होती, तिले मरळ खायची होती. म्हणून देवाजी सकाळीच गळ घेऊन गावामागच्या तलावावर गेला. संग भुऱ्या, त्याचा कुत्रा, राखेच्या रंगाचा. देवाजी काठच्या उथळ पाण्यात उभा राहून गळ टाके अन् भुऱ्या नेहमी दोन पावलं पुढं. मालक गुडघ्याच्या वर पाण्यात गेला का हा फिरून मागून पॅन्टची मोहरी दातात धरून काठाकडं ओढे. चावत नसे. नुसता ओढे.

आता तलावाचा ठेकेदार गणपतराव. या हरामखोराची मासे मारायची रीत ऐका. वरून विजेची लाईन जाते. तिच्यावर बांबूनं आकडा टाकायचा, वायर पाण्यात सोडायची. मासे उलटे होऊन तरंगतात. मंग आकडा काढायचा, शिटी वाजवायची, अन् पाण्यात उतरून वेचायचे. सोमवारी याच्या माणसांनी आकडा टाकला अन् सगळेच्या सगळे चहा प्याले निघून गेले. काठावर एक माणूस उभा करायची अक्कल नाही.

भुऱ्या पुढं होता. पाण्यात पहिला पाय त्याचा पडला.

देवाजी ठाण्यात गेला. कुत्र्याचा पंचनामा होत नाही, म्हणे. मंग गणपतरावाच्या दारात गेला. तो दात कोरून राहिला होता. म्हणाला, "कुत्रंच तर होतं गा. दुसरं पाळ."

मले आजही हे सांगताना आग लागते. देवाजी तर चार दिवस बोललाच नाही. बायकोले, प्रेमिलाले, वाटलं दुःख आहे. दुःख कसलं? त्यानं मनात गणपतरावाले मारून टाकलं होतं, फक्त हात लागायचा राहिला होता.

शुक्रवार, एकवीस तारीख. पहाटेचे चार वाजाले दहा मिनिटं कमी. आभाळात अर्धा चंद्र. देवाजी खांबाजवळ बेशरमाच्या झुडपात बसून होता. शिटी वाजली. आकडा निघाला, बांबू खांबाले टेकला. गडी टोपल्या आणाले ट्रॅक्टरकडे गेले. गणपतराव बॅटरी घेऊन स्वतः पाण्यात उतरला. एकटा.

वायर अजून पाण्यातच होती.

देवाजी उठला. बांबू उचलला. आकडा तारेपासून हातभर खाली...

मागून कोणीतरी पॅन्टची मोहरी ओढली.

काटा असेल. त्यानं पाय झटकला. बांबू पुन्हा वर केला.

पुन्हा ओढली. ओलं लागलं.

खाली पाहिलं. कोणी नाही. नुसतं गवत.

"सोड," देवाजी म्हणाला.

...

"सोड गा भुऱ्या. यानंच मारलं तुले."

सोडलं नाही. एक पाऊल मागं. अजून एक... बांबू हातातून पडला. देवाजी झुडपात बसून रडला, रागानं. अन् गणपतराव खळखळ पाणी तुडवत बाहेर आला. बिडी पेटवली त्यानं. जिवंत.

देवाजी अजून चिडते. गणपतरावावर कमी, भुऱ्यावर जास्त. "मी त्याच्यासाठीच तर गेलो होतो," म्हणते. "मंग यानं काहून अडवलं मले?" मी म्हणलं, अरे, जेलात सडला असता. तो म्हणाला, सडलो असतो.

ती पॅन्ट प्रेमिलानं त्याच सकाळी धुवून तारेवर टाकली. मार्च गेला. मे गेला. नागपूरचा मे तुम्हाले सांगाले नको, ओला टॉवेल झटकेपर्यंत वाळते. पॅन्टही वाळली. डाव्या पायाची मोहरी तेवढी वाळली नाही. चार बोटं. आजपर्यंत नाही.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ, बाहेर ही अशी डिसेंबरची थंडी. तारेवरून काढून मी स्वतः पिळली ती मोहरी.

पाणी निघालं...

कोमट होतं.