रशीदचं ताट

नानांची, म्हणजे माझ्या आजोबांची खानावळ नाटे गावच्या जेटीला लागूनच होती. चार टेबलं, आत चूल, आणि एकच नियम: "उचलू काय?" असं विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताटाला हात लावायचा नाही. खलाशी अर्ध्या जेवणावरून उठला तरी भूक त्याला परत आणते, असं नाना म्हणायचे.

मी आठ वर्षांची असताना रशीद खलाशी असाच हाक आली म्हणून जेवता जेवता होडीकडे धावला. मी न विचारता त्याचं ताट उचलून धुऊन टाकलं. तो परतला, रिकाम्या टेबलाकडे बघून हसला आणि उपाशीच समुद्रावर गेला. ती होडी आलीच नाही. नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच अजून सलतं.

नाना गेले, आणि यंदा मी खानावळ पुन्हा उघडली. अब्बांनी कुवेतहून "विकून टाक" असा लकडा लावला होता. मी कसली ऐकते! पण रशीदच्या त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जो बसे, तो अर्ध्या ताटावरून उठून जेटीकडे चालू लागे. कालचं गिऱ्हाईक तर गळ्याइतक्या पाण्यातून ओढून काढावं लागलं.

"टेबल फोड नि चुलीत घाल," रहिमाचाची म्हणाली. ती नानांच्या वेळेपासूनची स्वयंपाकीण.

"नाय चाची. त्याला जेवायला घालायचंय."

भर दुपारी मी दार लोटलं. भात आणि बांगड्याचं कालवण वाढून समोर बसले.

"रशीदभाय... जेवा. मी उचलत नाय."

आधी खाऱ्या पाण्याचा वास आला. मग भातात हळूच खळगा पडला. ढीग खचत गेला... मी वाढत राहिले. अख्खं भगुलं संपलं.

"उचलू काय?"

ताट माझ्याकडे सरकलं. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग आणखी एक... त्या होडीवरचे बाकीचे सहा जण तर त्या दिवशी पोटभर जेवून गेले होते; पण इतक्या वर्षांनी भूक त्यांनाही लागलीच असणार.

"चाची, सहा जणांचा भात टाक," मी मागे न बघता म्हटलं.

चाची खिडकीशी उभी होती. "सहानं काय होतंय गो... जेटीवर माणूस नाय, नि ओली पावलां इकडंच येतायत..."

मी तांदळाचं पोतं चुलीजवळ ओढलं.